यंदाच्या मोसमात मुलींचाही संघ उतरवा: कोल्हापूरच्या तालीम मंडळांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातील फुटबॉल खेळणाऱ्या सर्व तालीम मंडळांचे आणि तरुण मंडळांचे अध्यक्ष, संघव्यवस्थापक, प्रशिक्षक व ज्येष्ठ कारभारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणं एकच आहे, ते आधीच सांगते. येत्या मोसमासाठी खेळाडूंची नोंदणी सुरू होईल तेव्हा तुमच्या तालमीच्या नावाने मुलींचा संघही नोंदवा. तालमीचं नाव तेच ठेवा, जर्सीचा रंग तोच ठेवा आणि मैदानही शाहू स्टेडियमच असू द्या. एखाद्या तालमीने हे काम आधीच हाती घेतलं असेल, तर हे पत्र तिने आपल्या पाठीवरची थाप समजावं आणि बाकीच्यांना चार शब्द सांगावेत.

मी पेठेतच वाढले. शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि बरीच वर्षं मुलींना फुटबॉल शिकवते आहे. स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर बसून तुमचे सामने पाहत मोठी झाले, त्यामुळे तुमच्याशी बोलताना परकेपणा वाटत नाही. हे पत्र अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला किंवा राज्य संघटनेला का लिहिलं नाही, असं कुणी विचारेल. त्यांच्याकडे मागण्यासारखं पुष्कळ आहे, तेही मागू. पण गेल्या काही वर्षांत देशातल्या महिला लीगचं जे झालं, ते नीट पाहिल्यावर माझी खात्री पटली आहे की आपल्याकडे हे काम तालमीच करू शकतात.

इंडियन विमेन्स लीगच्या २०२४-२५ च्या मोसमाबद्दल सांगते, कारण त्यात आपल्यासाठी बरंच काही आहे. आठ संघ होते, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर असे प्रत्येकी १४ सामने झाले. एप्रिल २०२५ मध्ये ईस्ट बंगालच्या मुलींनी आपल्याच मैदानावर ओडिशा एफसीला १-० ने हरवून विजेतेपद पक्कं केलं. गोल सौम्या गुगुलोथचा. ती तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्याची. आता ईस्ट बंगाल म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. १९२० साली स्थापन झालेला क्लब, पिढ्यान्‌पिढ्यांचे समर्थक, मोहन बागानशी असलेली ईर्षा, हरल्यावर घरात चूल न पेटण्याइतका जीव. त्या क्लबाच्या पुरुष संघाने राष्ट्रीय लीग शेवटची जिंकली ती २००३-०४ च्या मोसमात. त्यानंतर २१ वर्षं समर्थक वाट पाहत राहिले. दरम्यान प्रशिक्षक बदलले, गुंतवणूकदार बदलले, परदेशी खेळाडू आले आणि गेले. शेवटी तो राष्ट्रीय लीगचा करंडक क्लबात आणला मुलींनी.

ईस्ट बंगालच्या मुली पहिल्या दिवसापासून जिंकत नव्हत्या, हेही लक्षात घ्या. २०२३-२४ मध्ये हाच संघ गुणतक्त्याच्या खालच्या भागात होता. मग क्लबाने मन लावून काम केलं. गोकुलम केरळाला दोन वेळा विजेतेपद मिळवून देणारे अँथनी अँड्र्यूज यांना प्रशिक्षक म्हणून आणलं, चांगल्या खेळाडूंशी करार केले आणि एका मोसमात चित्र पालटलं. पुढे याच मुलींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या वुहानला आशियाई महिला चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत इराणच्या बाम खातूनला ३-१ ने हरवलं आणि डिसेंबरमध्ये काठमांडूला दक्षिण आशियाई क्लबांची महिला स्पर्धा जिंकली. शंभर वर्षांच्या परंपरेला मुलींच्या संघाने धक्का लागला नाही, उलट क्लबाच्या कपाटात करंडकांची भर पडली.

पण मला त्याहून जास्त जवळचा वाटतो तो त्याच मोसमातला तिसरा संघ, कोलकात्याचाच श्रीभूमी. लेक टाउन भागातल्या ज्या श्रीभूमी स्पोर्टिंग क्लबाचा दुर्गापूजेचा मंडप बघायला सारं शहर लोटतं, त्याच क्लबाचा हा संघ. म्हणजे आपल्या भाषेत, गणपती बसवणारं, वर्गणी काढणारं, वस्तीच्या सुखदुःखात धावून जाणारं मंडळ. या मंडळाच्या मुलींनी २०२४ साली दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे आयडब्ल्यूएल-२ ची, पहिली स्पर्धा जिंकली, वरच्या श्रेणीत बढती मिळवली आणि तिथे पहिल्याच मोसमात तिसरा क्रमांक पटकावला. त्यांच्या प्रशिक्षक सुजाता कर या स्वतः भारताकडून खेळलेल्या. आता मला सांगा, श्रीभूमीकडे असं काय आहे जे मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत नाही? त्यांच्या शहरात क्लबांची मुलींची लीग चालते, तिला कन्याश्री कप म्हणतात. त्या लीगमध्ये शहरातले क्लब एकमेकांविरुद्ध उतरतात आणि मुलींना सामने मिळतात. देशातल्या आठांपैकी दोन संघ एकाच शहरातून आले त्याचं कारण हे आहे.

वरच्या श्रेणीत जायचं कसं, तेही थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे अनेकांना वाटतं की राष्ट्रीय लीग म्हणजे पैसे भरून घ्यायची जागा. तसं नाही. वरच्या श्रेणीतले शेवटचे दोन संघ खाली जातात, दुसऱ्या श्रेणीतले पहिले दोन वर येतात. २०२४-२५ मध्ये खाली गेला कोण, तर आदल्याच वर्षीचा विजेता ओडिशा एफसी, आणि त्याच्यासोबत दिल्लीचा हॉप्स. वर आले दिल्लीचा गढवाल युनायटेड आणि गोव्याची सेसा फुटबॉल अकादमी. विजेत्यालाही पुढच्या वर्षाची हमी नाही, इतकं हे खुलं आहे. दुसऱ्या श्रेणीत शिरायचं तर राज्याची लीग जिंकून राज्य संघटनेचं नामांकन मिळवावं लागतं, आणि राज्याच्या लीगमध्ये टिकायचं तर जिल्ह्यात वर्षभर खेळलेला संघ हवा. म्हणजे सगळ्याचा पाया गावातल्या लीगमध्ये आहे.

आणि तोच पाया देशभर कच्चा आहे. वरच्या आठ संघांतल्या मुलीला मोसमात १४ सामने मिळतात, तेही जगाच्या मानाने कमीच. दुसऱ्या श्रेणीत संघांचे गट पाडतात, एका गावी एकत्र बोलावतात, आणि गटातून पुढे न गेलेला संघ तीन-चार सामने खेळून परततो. एखादी १९ वर्षांची बचावपटू वर्षभर सराव करते आणि तिच्या वाट्याला राष्ट्रीय पातळीवरची साडेचार-सहा तासांची खेळी येते. त्यात एका सामन्यात घोटा मुरगळला की मोसम संपला. दोन दिवसांआड सामने असतात, त्यामुळे चूक झाली तर ती सुधारायलाही वेळ मिळत नाही. खेळाडू सामन्यातूनच घडतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुमच्या मुलांना लीग, मग एकामागून एक नॉकआउट स्पर्धा, असं महिनोन्‌महिने मैदान मिळतं, म्हणूनच ते तयार होतात.

वरच्या श्रेणीचंही घरचं-बाहेरचं स्वरूप अजून पक्कं झालेलं नाही. पहिल्या मोसमापासून २०२२-२३ पर्यंत मुख्य फेऱ्या एकाच गावी व्हायच्या: दिल्ली, शिलाँग, लुधियाना, बंगळुरू, भुवनेश्वर, अहमदाबाद. घरच्या मैदानावर खेळायची सुरुवात झाली ती २०२३-२४ मध्ये, सात संघांनिशी. आणि दोनच मोसमांनंतर, डिसेंबर २०२५ मध्ये, नवा मोसम पुन्हा सगळ्या संघांना बंगालमध्ये एकत्र बोलावून सुरू झाला. त्यामागे खर्चाचं आणि वेळापत्रकाचं कारण असेल. पण सेसाच्या मुली पहिल्यांदा वर आल्या आणि गोव्यातल्या माणसांना त्यांचे सामने घरी बघायला मिळाले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. घरचा प्रेक्षक हीच तर फुटबॉल क्लबाची खरी कमाई असते. वर जे डळमळीत आहे ते खाली आपण पक्कं करू शकतो.

आता आपल्या राज्याकडे वळते. २०१६-१७ च्या पहिल्याच मोसमात शेवटच्या सहा संघांत एफसी पुणे सिटी होता. पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) क्लबांपैकी मुलींचा संघ उतरवणारा तो एकटाच. पुढे तो क्लबच बंद झाला आणि मुलींचा संघही त्याच्यासोबत गेला. २०१९-२० च्या मोसमात बंगळुरूला एफसी कोल्हापूर सिटी खेळला. आपल्या गावाचं नाव राष्ट्रीय लीगच्या तक्त्यात होतं, हे आज पेठेतल्या किती जणांना आठवतं? २०२१-२२ ला भुवनेश्वरला पिफा, २०२३ ला अहमदाबादला मुंबई नाइट्स. या सगळ्यांनी मनापासून कष्ट घेतले आहेत, त्यांच्या मुलींचा खेळ मी पाहिला आहे, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण एकाचाही पाय वरच्या श्रेणीत रोवला गेला नाही. २०२४-२५ च्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. दुसरीकडे याच राज्यात २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई करंडक झाला, नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने कोलंबियाविरुद्ध १-० ने जिंकला. मैदानं सजली, दिवे लागले, पाहुण्या आल्या आणि गेल्या. त्यातून मुलींची एक कायमची लीग उभी राहायला हवी होती.

संघ का टिकत नाहीत, याचा मी बराच विचार केला आहे. मुलींचा संघ बहुतेक ठिकाणी एखाद्या ध्येयवेड्या माणसाच्या किंवा एखाद्या कंपनीच्या जिवावर उभा असतो. तो माणूस थकला, कंपनीचं धोरण बदललं, की संघ गेला. मोठ्या क्लबांतही मुलींचा संघ हा सगळ्यात आधी कापायचा खर्च मानला जातो. २०२३ मध्ये केरळ ब्लास्टर्सच्या पुरुष संघाने बाद फेरीचा सामना अर्धवट सोडला, महासंघाने क्लबाला चार कोटींचा दंड केला, आणि क्लबाने दंडाचं कारण देऊन थांबवला तो महिला संघ. मैदान सोडलं पुरुषांनी आणि खेळ बंद झाला मुलींचा. हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

तालमीचं असं होत नाही. तालीम कुणा एकाच्या मालकीची नसते. तिचा गुंतवणूकदार पळून जात नाही, कारण तिचा गुंतवणूकदार पेठ आहे. महापूर आला, कोरोना आला, बंदी आली, वाद झाले, तरी तालमी उभ्या राहिल्या. देशातले पुष्कळ व्यावसायिक क्लब ज्या मुळांसाठी कोट्यवधी रुपये जाहिरातीवर घालतात, ती मुळं तुमच्याकडे आजोबा-पणजोबांपासून आहेत. मुलींच्या फुटबॉलला देशात कशाची कमतरता असेल तर ती नेमकी याची आहे.

तालमीत मुलींचं काय काम, असं म्हणणारी ज्येष्ठ मंडळी आहेत. त्यांच्या वयाचा मान राखून एक आठवण करून देते. तालमी उभ्या राहिल्या त्या कुस्तीसाठी, लाल मातीसाठी. फुटबॉल नंतर आला. ज्यांनी तो आणला त्यांनाही तेव्हा कुणीतरी हाच प्रश्न विचारला असणार. आणि कोल्हापूरच्या मुलींनी काय करून दाखवलं आहे? तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. अनुजा पाटील भारताकडून क्रिकेट खेळली. वडणग्याची रेश्मा माने कुस्तीच्या आखाड्यात उतरली, ज्या आखाड्यात बाईची सावलीही पडत नव्हती. या मुलींच्या मिरवणुकांत तुम्हीच पुढे होता, हलगी तुमच्याच मंडळांची होती. मग फुटबॉललाच दार बंद का?

महिला फुटबॉल म्हणजे अलीकडचं फॅड आहे, असंही कुणी म्हणतं. राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा झाली १९७५ साली, लखनौला. भारताच्या मुली महिला फुटबॉलच्या आशियाई करंडकात दोनदा उपविजेत्या ठरल्या, १९८० ला कालिकतला आणि १९८३ ला. शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही त्याच काळात. नंतर वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं म्हणून आपण मागे पडलो. आता पुन्हा उठतो आहोत: ५ जुलै २०२५ ला चियांग माईला थायलंडला २-१ ने हरवून भारताने ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या आशियाई करंडकात जागा मिळवली, पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

माझ्या मैदानावरची गोष्ट सांगते. दहा-बारा वर्षांच्या मुली भरपूर येतात. पेठेतल्या येतात, उपनगरातल्या येतात, आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. चेंडू पायात आला की मुलांना चकवतात. भाऊ, चुलता, मामा कुणीतरी तालमीकडून खेळलेला असतो, त्यामुळे ऑफसाइड काय हे शिकवावं लागत नाही, घरीच कळलेलं असतं. शालेय स्पर्धांपर्यंत सगळं छान चालतं. मग दहावी येते. दहावीनंतर मुलगा तालमीच्या ज्युनिअर संघात जातो, तिथून सीनिअरमध्ये, आणि नशीब असेल तर अनिकेत जाधवसारखा १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताची जर्सी घालतो. मुलगी दहावीनंतर कुठे जाते? तिला घेऊन जायला माझ्याकडे जागा नसते. तिला मी सांगते, सराव चालू ठेव. ती विचारते, कशासाठी? पोलीस भरतीच्या धावण्यासाठी उपयोग होईल, एवढंच उत्तर मला देता येतं. ज्यांच्या पायात खेळ होता अशा किती मुली मी या एका वळणावर गमावल्या. त्यांच्यापैकी काही आज मुलांना कडेवर घेऊन शाहू स्टेडियमवर तुमचा सामना बघायला येतात आणि मैदानाकडे बघत मला म्हणतात, "मॅडम, आमच्या वेळी असतं तर."

त्यांच्या वेळी नव्हतं. आताच्या मुलींच्या वेळी असायला हवं.

पैशाचं बोलू. खर्च होणार, हे खरं आहे. वरच्या श्रेणीत महासंघाने २०२३ मध्ये नियम मंजूर केला की प्रत्येक क्लबाने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार करावा. म्हणजे पगाराचेच ३२ लाख झाले. एवढी रक्कम आज तालमीकडून कुणी मागत नाही. गावातल्या लीगसाठी लागतं काय? २० मुलींचे बूट, दोन जर्स्या, चेंडू, एक प्रशिक्षक, सरावानंतर अंडी-केळी, आणि लांबून येणाऱ्या मुलींचं जायचं-यायचं भाडं. तुम्ही मोसमाला परदेशी खेळाडूंवर किती खर्च करता, ते मला विचारायचं नाही. तो तुमचा अधिकार आहे आणि त्यांच्यामुळे आपल्या मुलांनाही शिकायला मिळतं. फक्त कागदावर दोन्ही आकडे शेजारी लिहून बघा आणि मग ठरवा. ज्या पेठा एका दिवसात स्पर्धेच्या बक्षिसाची रक्कम उभी करतात, त्यांना मुलींच्या बुटांसाठी वर्गणी जमणार नाही, हे मला पटत नाही.

मैदानाची अडचण आहे. हिरवळीला विश्रांती लागते, तारखा अपुऱ्या पडतात. यावर सुरुवातीला असं करता येईल: मोसमातल्या ठरावीक दिवशी मुख्य सामन्याआधी मुलींचा सामना, अर्ध्या-अर्ध्या तासाचा. ज्या दोन तालमींच्या मुलांचा सामना, त्याच दोन तालमींच्या मुलींचा. प्रेक्षक आपोआप येईल, आणि लवकर येईल. बाकीचे सामने शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर घेता येतील. आपल्या गावच्या लीगच्या वरिष्ठ गटात १६ संघ आहेत. त्यांतल्या निम्म्यांनी जरी मुलींचा संघ उतरवला आणि प्रत्येकीशी दोनदा खेळ झाला, तरी ५६ सामने होतात, प्रत्येक संघाला १४. राष्ट्रीय लीगच्या वरच्या श्रेणीत २०२४-२५ ला होते तेवढेच. पहिल्या वर्षी आठ नाही जमले, चार जमले, तर एकमेकांशी तीनदा-चारदा खेळवा, पण महिनोन्‌महिने खेळवा. चार दिवसांत उरकलेली स्पर्धा नको. तारखा मोसमाच्या आधी जाहीर व्हाव्यात, म्हणजे बारावीच्या आणि कॉलेजच्या परीक्षा बघून घरचे परवानगी देतील.

एक काळजी मात्र मला खरोखर आहे आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसणार आहे. मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेसाठी गोव्यात उतरलेल्या हिमाचलच्या खाड एफसीच्या दोन खेळाडूंनी तक्रार केली की महासंघाच्या कार्यकारिणीतल्या एका सदस्याने हॉटेलच्या खोलीत शिरून त्यांना मारहाण केली. पोलिसांनी त्या सदस्याला अटक केली, महासंघाने निलंबित केलं. त्या मुलींनी तोंड उघडलं म्हणून देशाला कळलं. जिथे मुली तोंड उघडू शकत नाहीत तिथलं आपल्याला कळतही नाही. म्हणून मुलींचा संघ उभा करताना व्यवस्थापक बाई हवी, सरावाला एकटा पुरुष आणि मुली अशी वेळ येऊ नये, बाहेरगावी संघासोबत दोन स्त्रिया तरी असाव्यात, कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली असावी. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था आणि मैदानंही कामाच्या जागेत मोडतात, तेव्हा तक्रार ऐकणारी समिती आणि तिच्या सदस्यांचे फोन नंबर प्रत्येक मुलीच्या घरी माहीत असायला हवेत. हे सगळं पहिल्या सामन्याच्या आधी. हे झालं तरच मी आईबापांच्या दारात जाऊन मुलगी मागू शकते.

आणि प्रेक्षकांबद्दल. स्टेडियममध्ये काय भाषा चालते, ते तुम्हाला माहीत आहे. हुल्लडबाजीमुळे सामने थांबले आहेत, संघांवर कारवाया झाल्या आहेत, समर्थकांवर गुन्हे दाखल झाले आहेत. मुलींना त्या भाषेपासून लांब ठेवायचं म्हणून त्यांना मैदानाबाहेर ठेवणं, हा अन्याय आहे. तुमच्या शब्दाला समर्थकांत वजन आहे. तालमीच्या फलकावर तुम्ही दोन ओळी लिहिल्या तर पोलीस बंदोबस्तापेक्षा जास्त काम होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. आपल्याच तालमीची मुलगी मैदानात असेल, तिच्या पाठीवर आपलंच नाव असेल, तेव्हा गॅलरीतली जीभ आपोआप सांभाळली जाईल, असा मला विश्वास आहे. आणि ज्याची सांभाळली जाणार नाही त्याला तुम्ही बाहेर काढाल, असाही आहे.

एक विनंती खेळाडू निवडण्याबद्दल. पहिल्याच वर्षी जिंकायचं म्हणून बाहेरून तयार मुली भाड्याने आणू नका. एखादी अनुभवी खेळाडू आणा, तिच्याकडून बाकीच्या शिकतील, त्यात गैर काही नाही. पण संघाचा कणा गावातला हवा. ईस्ट बंगालसारखा क्लब देशभरातून खेळाडू आणू शकतो, कारण त्याच्या शहरात खाली लीग आहे. आपल्याकडे आधी खाली काहीतरी उभं राहू दे. शिवाय १३ आणि १५ वर्षांखालच्या मुलींसाठी अस्मिता लीगसारख्या सरकारी योजना आहेत. तिथे खेळून आलेल्या मुलींना पुढे नाव लावायला तालीम मिळाली तर त्या योजनांचाही उपयोग होईल.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला आणि राज्य संघटनेला मी स्वतंत्र निवेदन देणार आहे. संघ नोंदवलेले असतील तर त्यांनाही वेळापत्रक आखावं लागेल, राज्याच्या लीगसाठी आपल्या विजेत्याचं नाव पुढे पाठवावं लागेल. संघच नसतील तर त्यांच्याकडे जाऊन मी मागू काय? म्हणून आधी तुमच्या दारात आले आहे.

पावसाळा संपायच्या आत, नोंदणीच्या आधी, सर्व तालमींच्या कारभाऱ्यांनी एकदा एकत्र बसावं. जागा तुम्ही ठरवा, वेळ तुम्ही ठरवा. शाळाशाळांतल्या क्रीडाशिक्षिकांना घेऊन मी येईन. १४ ते २० वयोगटातल्या, घरून परवानगी असलेल्या आणि खेळायला तयार असलेल्या मुलींची नावं, कोण कुठल्या पेठेतली, कोण कुठल्या जागेवर खेळते, अशी यादी आमच्याकडे तयार आहे. कुठल्या तालमीने कोणाला घ्यायचं यावरून तुमच्यात वाद झाला, तर तो वाद ऐकायला मला फार आवडेल.

आपली नम्र,
पेठेतली एक क्रीडाशिक्षिका
कोल्हापूर